बँकॉकमध्ये फिरायला एकच दिवस असेल तर तो असा काढा

बँकॉकला जाणाऱ्या बहुतेकांची यादी साधारण सारखीच असते, सकाळी फ्लोटिंग मार्केट, मग ग्रँड पॅलेस, मग सफारी वर्ल्ड, संध्याकाळी क्रूझ आणि रात्री खाओ सान रोड, आणि हे सगळं एका दिवसात. यातलं दामनोएन सादुआकचं फ्लोटिंग मार्केट शहरापासून १०० किलोमीटरच्या आसपास आहे, सफारी वर्ल्ड शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मधलं जे काही आहे तो म्हणजे ट्रॅफिक. अशा यादीने दिवस काढला तर संध्याकाळी आठवतं काय, तर टॅक्सीची मागची सीट.

माझं सरळ म्हणणं आहे की या शहरात प्लॅन अंतर बघून करायचाच नाही, ऊन आणि रस्ता बघून करायचा. सकाळी लवकर नदीकाठचा जुना भाग, दुपारी डोक्यावर छप्पर, ऊन उतरलं की परत नदी, आणि अंधार पडला की चायनाटाऊन. आणि हे सगळं मेट्रो, बोट आणि पायी, रस्त्यावरच्या गाडीत शक्यतो बसायचंच नाही. बाकीचं राहिलं तर राहू द्या.

आधी आदल्या रात्रीची कामं. उद्या घालायचे कपडे बाजूला काढून ठेवा, कारण ग्रँड पॅलेसच्या (राजवाड्याच्या) गेटवर कपड्यांवरून खरंच परत पाठवतात. खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले, फाटक्या जीन्स नाहीत, अंगाला चिकटलेल्या लेगिंग्ज नाहीत, आरपार दिसणारं काही नाही. स्लीव्हलेसवर ओढणी टाकून भागेल असं वाटतं पण तिथले गार्ड बरेचदा ते चालवून घेत नाहीत, मग समोरच्या दुकानातून हत्तीछाप पायजमा नाहीतर टीशर्ट घ्यावा लागतो (तो पायजमा तसा मस्त असतो, पण घाईत आणि मिळेल त्या भावात घ्यायला लागतो). सुती सलवार-कुर्ता किंवा ढगळ पँट आणि हाफ बाह्यांचा शर्ट, प्रश्न मिटला. बूट लेसचे नकोत, दिवसभरात पुन्हा पुन्हा काढायचे असतात. आणि बॅगेत एक मोज्यांची जोडी टाका, कारण उन्हात तापलेल्या फरशीवर अनवाणी चार पावलं टाकली की कळतं मी काय म्हणतोय.

पैसे. हातगाडीपासून दुकानापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड दिसतील पण ते तिथल्या बँकांच्या खातेदारांसाठी असतात, तुमचं ॲप त्यावर चालेल असं धरून जाऊ नका. सुटे बाथ (तिथलं चलन) जवळ हवेत, २० आणि १०० च्या नोटा जास्त. एअरपोर्टवर गरजेपुरतेच बदला, शहरातल्या एक्स्चेंज काउंटरवर रेट चांगला मिळतो, फक्त तिथे पासपोर्ट ओरिजिनल लागतो. एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले तर दर वेळी दोनशेच्या वर बाथ नुसती फी जाते, तर काढायचेच असतील तर एकदाच काय ते काढा.

आणि तिसरं, राजवाडा उद्या नक्की उघडा आहे ना हे त्यांच्या अधिकृत वेबसाइटवर बघून घ्या. शाही समारंभ असेल तेव्हा काही भाग किंवा सगळंच बंद ठेवतात. हे आधी बघणं का महत्त्वाचं ते पुढे येतंय.

हॉटेल अजून बुक केलं नसेल तर एकच अट ठेवा, मेट्रोचं स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर पाहिजे. रूम लहान असली तरी चालेल. बँकॉकमध्ये दोन मुख्य सिस्टिम आहेत, वरून जाणारी बीटीएस, ती १९९९ पासून आहे, आणि जमिनीखालची एमआरटी, ती २००४ पासून. दोघींची तिकिटं वेगळी, गेट वेगळे, म्हणजे असोक स्टेशनला बीटीएसमधून उतरून तिथल्याच सुखुमवित स्टेशनला एमआरटी पकडायची तर जिना उतरून पुन्हा तिकीट. एमआरटीच्या गेटवर व्हिसा-मास्टरकार्डचं टॅप करायचं कार्ड थेट चालतं, रांगेत उभं राहायची गरज नाही, फक्त माणशी वेगळं कार्ड लागतं आणि जे कार्ड आत येताना लावलं तेच बाहेर पडताना लावायचं. कार्ड नसेल तर मशिनमधून प्लास्टिकचं गोल टोकन निघतं, ते जपून ठेवा, कॅरमच्या सोंगटीएवढं असतं आणि खिशात हरवतं.

आता दिवस. एमआरटीच्या निळ्या लाइनने सनाम चाय स्टेशनला उतरायचं, सकाळी पावणेआठ-आठपर्यंत. हे स्टेशन २०१९ मध्ये सुरू झालं, त्याआधी या जुन्या भागात मेट्रो येतच नव्हती. उतरल्यावर लगेच वर पळू नका, स्टेशन आतून दरबारासारखं सजवलंय, खांब, नक्षीचं छत, दोन मिनिटं बघण्यासारखं आहे. तिथून वाट फो या देवळाच्या (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) भिंतीकडेने चालत ग्रँड पॅलेसचं गेट पंधरा-वीस मिनिटं. साडेआठला तिकीट खिडकी उघडते, तेव्हा तुम्ही गेटवर पाहिजे. नऊनंतर टूर बसेस यायला लागतात आणि मग झेंडेवाल्या गाइडमागे शंभर शंभर माणसं.

या पंधरा मिनिटांच्या चालण्यातच तुम्हाला एक अत्यंत सज्जन माणूस भेटायची शक्यता आहे. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलंतरी ओळखपत्र, चांगलं इंग्लिश, कुठून आलात वगैरे विचारणार आणि मग हळहळून सांगणार की आज राजवाडा बंद आहे हो, बौद्ध सण आहे, एक वाजता उघडेल, तोपर्यंत तुम्ही हे हे देऊळ बघा, हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये फिरवून आणेल. ती वीस बाथची टुकटुक तुम्हाला रत्नांच्या दुकानात किंवा सूट शिवणाऱ्या टेलरकडे नेऊन सोडते, तिथे त्याला कमिशन असतं. कित्येक वर्षं हाच डायलॉग चालू आहे आणि अजून माणसं सापडतात, कारण तो माणूस खरंच गोड बोलतो. म्हणून वेबसाइट आधी बघायची, आणि बंद असल्याचं फक्त गेटवरच्या गणवेशातल्या माणसाचं ऐकायचं. बाकी सगळ्यांना हसून मान हलवायची आणि चालत राहायचं, थांबून वाद घालत बसू नका. पॅलेससमोरच्या मोकळ्या मैदानाजवळ कोणी हातात कबुतरांसाठी मक्याची पिशवी कोंबायला लागलं तर तीही घेऊ नका, नंतर पैसे मागतात.

तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ. महाग वाटतं पण हे एकच ठिकाण असं आहे की जिथे मी म्हणेन द्या आणि आत जा. १२० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना फुकट आहे. आत गेल्यावर सगळे सोन्याच्या स्तूपासमोर फोटो काढायला थांबतात, तुम्ही थांबू नका, सरळ पाचूच्या बुद्धाच्या मुख्य मंदिरात जा, गर्दी व्हायच्या आत. मूर्ती म्हणायला पाचूची पण आहे हिरव्या जेड दगडाची, उंची फक्त ६६ सेंटिमीटर, आणि ठेवलीय इतक्या उंचावर की पहिल्यांदा नजर नुसती सोन्यातच हरवते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की राजा स्वतः किंवा त्याच्या वतीने राजघराण्यातलं कोणी येऊन बदलतं. आत फोटो काढायचा नाही, पाय मूर्तीकडे करून बसायचं नाही, पाय मागे दुमडून बसा. पाच मिनिटं शांत बसा, एवढ्या चालण्यानंतर बरं वाटतं.

मग बाहेर येऊन भिंतींकडे वळा. मराठी माणसासाठी खरा खजिना इथे आहे आणि बहुतेक लोक तो चालता चालता सोडून देतात. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतीवर पूर्ण रामायण रंगवलंय, त्यांचं रामकियेन, १७८ चित्रं, सोनेरी रंग वापरून. राम हिरवा, हनुमान पांढराशुभ्र. एका चित्रात डोंगराएवढा झालेला हनुमान अख्खा मंडप तोंडात धरून बसलाय आणि आत राम झोपलेला आहे, म्हणजे आपल्याकडच्या अहिरावण-महिरावणाच्या गोष्टीचाच भाऊबंद, पण असा पहारा मी तरी कुठे वाचला नव्हता. आणि हो, इथला मारुती ब्रह्मचारी अजिबात नाही, रावणाची मत्स्यकन्या मुलगी सुवर्णमच्छा, तिच्याशी त्याचं जमतं, बरोबर आजी असेल तर हे जरा बेताने सांगा. बाहेर दारांवर उभे जे उंच राक्षस आहेत त्यातला हिरवा तोशाकान म्हणजे आपला दशानन, मुकुटात वर वर रचलेली छोटी छोटी तोंडं मोजून बघा, मुलं त्यात रमतात. चौथऱ्यावर दगडात केलेलं अंगकोर वाटचं मॉडेलही आहे, चौथा राम या थाई राजाच्या काळात हुकूम देऊन करायला घेतलेलं. पुढचा राजवाड्याचा भाग बाहेरूनच बघायचाय, तो पटकन उरकला तरी चालतो. दोन-अडीच तासात बाहेर पडा.

पाणी प्या. गंमत नाही, तिथली दमट हवा अशी की घाम वाळतच नाही, आणि तहान लागल्याचं कळेपर्यंत डोकं दुखायला लागतं. दर कोपऱ्यावर सेव्हन-इलेव्हन आहे, आत जाऊन थंड पाणी आणि इलेक्ट्रोलाइटची बाटली घ्यायची, एसीत दोन मिनिटं उगाच चिप्स बघत उभं राहायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात सुसह्य, एप्रिल सगळ्यात भयंकर.

पॅलेसवरून परत येताना वाट फो रस्त्यातच आहे. तिकीट ३०० बाथ. झोपलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, आणि तो ज्या हॉलमध्ये आहे तो जेमतेम त्याच्याएवढाच, त्यामुळे पूर्ण मूर्ती एका नजरेत मावतच नाही, खांबांच्या मधून तुकड्या तुकड्याने बघायची. सगळे चेहऱ्याकडे गर्दी करतात. तुम्ही पायांपाशी थांबा, काळ्या तळव्यांवर शिंपल्यांचं जडावकाम करून १०८ शुभचिन्हं काढलीत, हत्ती, कमळं, जवळ जाऊन बघितलं की शिंपला हिरवट-गुलाबी चमकतो. मागच्या बाजूला ओळीने १०८ पितळी-काशाची भांडी मांडलेली असतात, वीस बाथ देऊन बारीक नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत जायचं, हॉलभर तो टिणटिण आवाज चालूच असतो. यानंतर लोक निघून जातात, पण मागचं आवार मोठं आणि शांत आहे, चार राजांचे चार रंगीत स्तूप, चिनी दगडी पहारेकरी, आणि आवारातच थाई मसाज, इथली मसाजची शाळा १९५५ पासूनची आहे. पाय भरून आले असतील तर नंबर लावा.

आता साडेबारा. इथे लोक उत्साहात लगेच पलीकडे वाट अरुणला जातात आणि भर उन्हात पांढऱ्या फरशीवर भाजून निघतात. जाऊ नका, ते संध्याकाळी. दुपारच्या तीन-चार तासांसाठी माझ्या मते दोन पर्याय आहेत.

शाकाहारी असाल किंवा आई-बाबा बरोबर असतील तर सनाम चायवरून पुढचंच स्टेशन साम योत, तिथून चालत पाहुरात, म्हणजे बँकॉकचं लिटिल इंडिया. सोनेरी घुमटाचं गुरुद्वारा, कापडाची दुकानं, आणि साधं डाळ-रोटीचं जेवण सहज मिळतं. परदेशात येऊन डाळ कशाला असं मलाही वाटतं, पण दुपारी अडीच वाजता उपाशी सासरे ही काय चीज असते हे ज्याचं त्याला माहीत.

दुसरा पर्याय बोटीने आयकॉनसियाम. मॉल बघायला बँकॉकला कशाला जायचं हा प्रश्न रास्त आहे पण तळमजल्यावर सूकसियाम म्हणून आतल्या आत बाजार केलाय, वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ, होड्यांमधून विकायला बसलेल्या बायका, खोटं खोटं फ्लोटिंग मार्केट म्हणा, पण एसी आहे, बसायला जागा आहे आणि टॉयलेट चकचकीत. नदीवरच्या साथोर्न जेटीवरून तिकडे जायला फुकट बोट असते.

बोटीचं नीट सांगतो, कारण इथे उगाच जास्त पैसे जातात. नदीतून चालणाऱ्या चाओ फ्राया एक्स्प्रेसच्या बोटींना झेंड्यांचे रंग आहेत. तुम्हाला नारिंगी झेंडा पाहिजे, कुठूनही कुठेही १६ बाथ. साथोर्नसारख्या मोठ्या जेटीवर माइक घेऊन टुरिस्ट बोट, टुरिस्ट बोट म्हणून ओरडणारे असतात, ती निळ्या झेंड्याची, वाईट नाही पण बरीच महाग आणि दिवसभर बोटीतच फिरणार असाल तरच तिचा पास परवडतो. नारिंगी बोट जेटीला पूर्ण थांबतच नाही असं वाटतं, मागे उभा असलेला पोरगा शिट्टी फुंकत दोर अडकवतो, तेवढ्यात उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, आणि शिट्टीचा सूर बदलला की बोट निघालेली असते, तेव्हा बॅगा-बाळं आधीच पुढे घेऊन उभे राहा. मग गर्दीतून कंडक्टर बाई येते, हातात पत्र्याची लांब नळकांडी, तिचं झाकण खडखड वाजवत, त्याच नळकांडीत नाणी आणि तिकिटाचे रोल, झाकणाच्या कडेवरच ती तिकीट फाडते. तिला हजाराची नोट दाखवू नका. भिक्खूंसाठी राखीव जागा असते तिथे बसू नका, आणि बायकांनी भिक्खूंना धक्का लागणार नाही एवढं बघायचं, त्यांच्यासाठी ते चालत नाही. या बोटी संध्याकाळीच बंद होतात, रात्रीच्या परतीसाठी त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

चारच्या सुमाराला वाट अरुण. नारिंगी बोट तिथल्या जेटीला लागते, नाहीतर समोरच्या था तिएन जेटीवरून पाच बाथची छोटी फेरी आहे. तिकीट २०० बाथ. लांबून हे देऊळ राखाडी-पांढरं दिसतं, जवळ गेलं की कळतं की सगळं चिनी मातीच्या बशा आणि वाट्यांच्या तुकड्यांनी मढवलंय. हात लावून बघावंसं वाटतं (लावू नका), कुठे बशीची गोल कड तशीच दिसते, कुठे पाकळ्यांसारखे कापलेले तुकडे बसवून फूल केलंय, आणि प्रत्येक मजल्याखाली राक्षस आणि वानरांची रांग खांद्यावर भार घेऊन वाकलेली. पायऱ्या फार उभ्या आहेत, चढताना काही वाटत नाही, उतरताना गुडघे बोलतात, ज्येष्ठांनी खालूनच प्रदक्षिणा घातली तरी काही बिघडत नाही. थाई पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या मुलींची इथे तुफान गर्दी असते, त्यांच्या फोटोत शिरल्याशिवाय चालणं अशक्य आहे, सोडून द्या.

साडेपाचपर्यंत बाहेर पडून फेरीने परत था तिएनच्या बाजूला या आणि सूर्यास्त तिथून बघा, वाट अरुणच्या मागेच सूर्य जातो. काठावरच्या रूफटॉप कॅफेंमध्ये जागा आधी बुक करावी लागते आणि बिलही तसंच, जेटीच्या कठड्यावरून तोच सूर्य फुकट दिसतो. बरोबर सहाला कुठे राष्ट्रगीत लागलं आणि आजूबाजूचे लोक जागच्या जागी उभे राहिले तर तुम्हीही उभे राहा. राजघराण्याबद्दल कसलीही चेष्टा करू नका, मराठीतसुद्धा नको, कायदा फार कडक आहे. ई-सिगारेटवरही बंदी आहे, बॅगेत असेल तर भारतातच ठेवून या.

तीन तिकिटांचे मिळून हजार बाथ होतात माणशी. हे जड वाटत असेल तर वाट अरुणचं तिकीट वाचवा, ते नदीतून आणि काठावरून भरपूर दिसतं. पॅलेस सोडू नका.

रात्री यावारात, म्हणजे चायनाटाऊन. सनाम चायवरून दोनच स्टेशनं, वाट मांगकोनला उतरा. सोमवार असेल तर रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्या बंद असतात, तेव्हा शक्यतो दुसरा वार. साडेसहा-सातला सगळं पेटतं, लाल-हिरव्या निऑन पाट्या, भाजलेल्या चेस्टनटचा वास, आणि फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही. गर्दीत फिरायची युक्ती साधी आहे, आधी एका बाजूने काहीही न घेता शेवटपर्यंत चालत जायचं, बघून ठेवायचं, मग दुसऱ्या बाजूने खात खात परत यायचं. मध्ये मध्ये रस्ता ओलांडत बसलात की हाल. बॅग पुढे, मोबाइल खिशात. ज्या गाडीसमोर थाई लोक रांगेत आहेत तिथे उभं राहा, ज्या गाडीवर विंचू काडीला टोचून ठेवलेत ती फोटोसाठी आहे.

नॉनव्हेजवाल्यांना सांगायची गरजच नाही, मिरपुडीचं झणझणीत सूप, ऑयस्टरचं ऑम्लेट, भाजलेली कोळंबी, चालू द्या. शाकाहाऱ्यांनी मात्र व्हेजिटेरियन म्हणून थांबू नये, कारण भाज्यांच्या परतणीत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस पडतोच, आणि तो घालणाऱ्याला त्यात काही मांसाहारी आहे असं वाटतही नाही. 'जे' हा थाई शब्द म्हणायचा, आणि पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं शोधायची, ती इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखी दिसतात. त्या गाडीवर मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं आणि कांदा-लसूणही नसतो, म्हणजे आपल्यातल्या काही जणांना सोन्याहून पिवळं. शिवाय आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, चेस्टनट, डाळिंबाचा रस, मध्ये क्रीम भरलेले भाजलेले पाव, यावर एक माणूस आरामात जेवतो.

परतीला एमआरटी रात्री बाराच्या सुमारापर्यंत असते, पण शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, साडेअकराच्या आत स्टेशनात शिरा. उशीर झालाच तर ग्रॅब किंवा बोल्ट या टॅक्सीच्या ॲपवर आधी भाडं बघा, मग रस्त्यावरची टॅक्सी. टॅक्सीत बसायच्या आधी मीटर म्हणायचं, मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, तो नाही म्हणाला आणि तीनशे-चारशे सांगायला लागला तर दार लावायचं आणि मागची टॅक्सी बघायची, एक-दोन नंतर कोणीतरी तयार होतोच. चायनाटाऊनच्या मुख्य रस्त्यावर मात्र गाडी बोलावू नका, ती दोनशे मीटरवर दिसत राहते आणि पोचत नाही, चालत चारोएन क्रुंग रस्त्यावर या आणि तिथून बोलवा.